बायच्या ओळीची दुरुस्ती

श्रावण उतरणीला लागला की पेणहून गणपतींचे टेम्पो निघतात. मूर्तींवर प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, त्यातून कानांचा नि मुकुटाचा नुसता आकार कळतो. वडखळच्या नाक्यावर ते टेम्पो तासन्‌तास अडकून राहतात. रोह्यात त्या दिवसांत हवेला भिजल्या गवताचा, तेरड्याचा, ओल धरलेल्या भिंतींचा वास असतो, आणि वारा फिरला की कंपन्यांकडून येणारा काहीतरी आंबूस. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे.

आता रोह्यालगतच्या वरसेत आमच्या इमारतीसमोर मंडपाचे बांबू येऊन पडले की मी खिडक्या लावून घेतो. बायको म्हणते, "एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावता?" तिला कारण ठाऊक आहे, तरी ती विचारते. मंडपावर ताडपत्री चढायच्या आधी स्पीकर लागतो, आणि स्पीकर लागला की पहिल्या तासाभरात ते गाणं वाजतंच. गौराय आयली माह्यारा. ते गाणं माझं आहे. व्हिडिओखाली गीतकार म्हणून माझं नाव आहे, आडनावातलं एक अक्षर चुकलेलं.

मी रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. पाणी तपासतो. वीस वर्षं झाली. गाणी त्याच्याही आधीपासून लिहितो, पण ती कागदावर फार राहिली नाहीत. आमच्याकडे गौरीच्या फेराची गाणी बायका म्हणतात. कुणीतरी जोडून द्यायची आणि बायकांनी म्हणून म्हणून ती गुळगुळीत करायची, अशी ती रीत. माझं गाव धरमतरच्या खाडीकाठचं. गावातल्या बायकांना मी कॉलेजात असल्यापासून गाणी जोडून देत आलो, ते बायमुळे. आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई मिठागरावर कामाला जायची तेव्हा मला बायनेच कडेवर घेऊन वाढवलं. पुढे ती दोन बांध पलीकडच्या गावात दिली. तिचा आवाज गोड वगैरे नाही. कोरडा आहे, थोडा घोगरा, पण चाळीस बायकांच्या टाळ्यांच्या वरून पलीकडे जाणारा. ती फेराच्या पुढे असली की मागच्या बायकांना शब्द चुकायची भीती नसायची.

मी ते गाणं लिहिलं तेव्हा बायच्या गावच्या बांधाला खांड पडून चार पावसाळे होऊन गेले होते. खाडीचं पाणी अडवून धरणारा मातीचा बांध असतो. आत भात, बाहेर चिखल नि खारं पाणी. उधाणाने बांध फोडला, खांड पडली, की आत-बाहेर काही उरत नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, उन्हाळ्यात बुजवतील. दुसऱ्या वर्षी नारळ फुटला. तिसऱ्या वर्षी शेतात तिवरं उगवली. खाऱ्या पाण्यातली ही झाडं एकदा वाढली की तोडायची सोय नाही, कायदा आडवा येतो. म्हणजे ज्या शेतात बायने लग्न होऊन आल्यावर पहिली लावणी केली, ते शेत आता कागदोपत्री तिचं नि प्रत्यक्षात जंगल. भावोजी धरमतरच्या जेट्टीवर कामाला लागले. बाय घरीच राहिली. काम नसलेली बाय मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

त्या श्रावणातल्या एका रविवारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती पडवीत अळूची पानं निवडत बसली होती.

"दिना, या वर्सी जुनी गानी नको," ती म्हणाली. "तीच गौरायची साडी, तेच पैंजन. गौराय हिकरं आली तं तिला दाखवू काय आपन?"

मी म्हटलं, "मग काय लिहू?"

ती उठली, हात पदराला पुसले, आणि मला बांधावर घेऊन गेली. उरलेला बांध जिथे संपत होता तिथे आम्ही उभे राहिलो. ओहोटी होती. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. बायने बोट करून मला तिच्या शेताचे चारी कोपरे दाखवले, जणू मला ते माहीत नव्हते. मग बाजारात भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "शेतान् बी खारं पानी, नि डोल्यान् बी खारं पानी. एक पुसता येतं, दुसरं नाय."

तिने येताना एक प्लास्टिकची बाटली आणली होती, ती मला तेव्हा दिसली. खाली उतरून तिने डबक्यातलं पाणी भरलं. "तू कंपनीत पानी मोजतस ना? हे बी मोज."

सोमवारी मी ते मोजलं. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं आणि पिवळ्याचा विटकरी रंग कधी होतो ते बघायचं, एवढंच ते काम असतं; जितकं औषध जास्त लागेल तितकं पाण्यात मीठ जास्त. मी सोडत राहिलो, आणि पाणी पिवळंच राहिलं. नळी संपली, पुन्हा भरली. बायला फोन करून सांगितलं की चार पावसाळ्यांनी धुऊनही त्या पाण्यात भात तगणार नाही.

"ता मना ठाव हाय," ती म्हणाली. "कागदावर लिव."

कंपनीच्या कागदावर बाहेरचं पाणी लिहिता येत नाही. मी तिला तसं समजावलं. त्याऐवजी घरी जाऊन गाणं लिहिलं.

गौराय आयली माह्यारा गो, इचारी भावाला,
कंचे वाटेनं जाऊ दादा, आपले शेताला?
वाट गेली उधानान् बाय, बांध गेला फुटून,
तिवराचे झारीत शेत, बघ लांबून.
खारं पानी शेतान् बाय, खारं पानी डोल्यान्.

शेवटची ओळ माझी नाही. मी ती फक्त चालीत बसवली. पण ती ओळ आली तशी बाकीच्या चार ओळी तिच्यासाठी उभ्या राहिल्या, हे मला लिहितानाच कळत होतं. असं आयुष्यात एकदा-दोनदा होतं. एरवी आपण शब्द शोधत हिंडतो. त्या संध्याकाळी मी नुसता लिहून घेत होतो.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बायच्या अंगणात फेर झाला. वरून रिमझिम, अंगणात शेवाळ झाडून राखेचे पट्टे ओढलेले. पहिल्या दोन ओळी बायकांनी हसत म्हटल्या. नेहमीसारखं गाणं वाटलं त्यांना, माहेरचं. 'बांध गेला फुटून'ला टाळ्या थोड्या विस्कटल्या. आणि शेवटच्या ओळीला एक म्हातारी फेरातून बाहेर पडून जोत्यावर जाऊन बसली. बाय थांबली नाही. तिने ती ओळ तीनदा घेतली. पुरुष ओटीवर पत्ते खेळत होते, त्यांचे हात थांबले. माझ्या लिहिण्याला एवढा मोठा मान पुन्हा कधी मिळाला नाही. त्या दुपारी मी घरी निघून गेलो असतो, आणि पुन्हा कधी काही लिहिलं नसतं, तर बरं झालं असतं.

कुणीतरी फोनवर ते टिपलं. फिरत फिरत ते निलेशकडे पोहोचलं. निलेश कॉलेजात माझ्याबरोबर होता. पेणला एका दुकानाच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ आहे: भिंतींना काळा स्पंज, एक खुर्ची, एक पंखा जो रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवायचा. तो हळदीची, गणपतीची गाणी करतो आणि नेटवर टाकतो. त्याने मला बोलावून घेतलं.

"गाण्यात जीव हाय, दिनेश," तो म्हणाला. "पुढच्या गणपतीला काढू. साहेबांच्या शुभेच्छा पुढं लावतो, म्हंजे खर्चाची चिंता नाय. फक्त थोडं इकडंतिकडं करावं लागंल."

साहेब म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. बांधाचा नारळ त्यांनीच फोडला होता.

"काय करायचं?"

"तो बांध काढ."

"बांध फुटलेलाच आहे, निलेश. जाऊन बघ."

"मी कुठं नाय म्हणतो? पण सण हाय. लोक नाचायला बघतात. बांधावर तू लेख लिव ना, अर्ज लिव. गाण्यात कशाला?"

मी दोन दिवस रागात होतो, असं मला आठवतं. खरं तर एकच दिवस असेन. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवता जेवता मी फोनवर ती ओळ उघडली आणि बांधाच्या जागी काय बसेल ते पाहू लागलो. आणि बसलं. 'कोंब आला फुटून'. यमक हललं नाही, मात्रा हलली नाही, फुटून हा शब्द होता तिथेच राहिला. फुटणाऱ्या बांधाच्या जागी फुटणारा कोंब आला. ही कारागिरी मला इतकी आवडली की मी ताटावर एकटाच हसलो. पुढे जे झालं त्यात लाज वाटावी असं पुष्कळ आहे, पण मला सगळ्यांत जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

एकदा हात बसला की दुरुस्ती सोपी होते. मग निलेशचे फोन येत गेले. उधाण कशाला, पेपरातली बातमी वाटते. 'वाट भरली फुलान् बाय' झालं. तिवर शहरातल्या लोकांना कळत नाही, सोनचाफा झाला. आमच्या खारपाटात, या खाऱ्या मातीच्या पट्ट्यात, सोनचाफा कुणी पाहिलेला नाही. शेत लांबून बघायचं ते जवळून झालं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, एवढंच, यापुढे नाही. प्रत्येक वेळी ते मीच केलं, दुसऱ्या कुणी नाही. निलेशने एक शब्दही स्वतः बदलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

बोलीचं मात्र त्याने काही बदलू दिलं नाही. मी एकदा डोळ्यांत असं लिहिलं तर म्हणाला, "नाय नाय, डोल्यान् पायजे. भाषा चालते आपली." आमची बोली सगळ्यांना हवी होती. आम्ही तिच्यात काय बोलतो, ते कुणाला नको होतं.

राहता राहिली शेवटची ओळ. ती मी शेवटपर्यंत अडवून धरली होती. तिच्याबद्दल साहेबांचाच माणूस बोलला, अगदी नम्रपणे. "सर, सणासुदीला डोळ्यात पाणी बरं दिसत नाही." मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. त्या रात्री नव्हे, तिथेच, त्याच्या समोर, पाच मिनिटांत मी लिहून दिलं: हिरवं सोनं शेतान् बाय, हसू डोल्यान्.

बायला मी हे सांगितलं नाही. रेकॉर्डिंग आहे, तुझा आवाज पाहिजे, एवढंच सांगितलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून पेणला आली. स्टुडिओचा जिना चढताना तिने दोनदा विचारलं, "मना जमंल ना रं?" निलेशने तिच्याकडून दोन ओळी म्हणून घेतल्या, कानावरचं यंत्र काढलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आवाज फाटतो म्हणाला. मुख्य गाण्यासाठी पनवेलहून एक मुलगी येणार होती, ते आधीच ठरलेलं असावं. बाय कोरसमध्ये.

तिच्या हातात छापील कागद दिला. बाय चौथी शिकली आहे. बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. मी पंख्याकडे बघत होतो. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"दिना, ही ओल कोनाची?"

"माझीच."

"नि माझी?"

मी म्हटलं, "बाय, गाणं एकदा लोकांत जाऊ दे. मग आपण तुझं वेगळं काढू, जसंच्या तसं." हे बोलताना मी स्वतः त्यावर विश्वास ठेवत होतो की नाही, ते मला आज सांगता येणार नाही. बायने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि त्या मुलीच्या मागे उभी राहून जे लिहिलं होतं ते म्हटलं. एकदाही चुकली नाही. एसटीतून परत जाताना वडखळला तिने शेंगा घेतल्या, अर्ध्या माझ्या हातात ओतल्या. गाण्याचा विषय काढला नाही. मला वाटलं, तिने समजून घेतलं.

गाणं चाललं. खूप चाललं. मंडपात, लग्नात, टेम्पोत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. पोरी सोनचाफ्याच्या ओळीला हात वर करून गिरकी घेतात, तीही एक पद्धत पडली. कंपनीत माझा सत्कार झाला. मीही काही दिवस बरा दिसणारा सदरा घालून हिंडलो.

मग पुढच्या मार्गशीर्षात बायच्या गावात बांधाची पाहणी करायला अधिकारी आले. भावोजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. पाण्याचं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असा त्यांचा समज. शाळेच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. लोक बोलत होते, एकावर एक, जसे आमचे लोक बोलतात. अधिकारी वाईट माणूस नव्हता. तो जरा वातावरण हलकं करायला म्हणून हसून म्हणाला, "अहो, तुमच्याच गावचं ते गाणं ना? हिरवं सोनं शेतान्. माझी मुलगी नाचते त्याच्यावर. गाण्यात तर सगळं छान आहे तुमचं."

लोक हसले. ज्यांची शेतं गेली तेही हसले, साहेब माणूस विनोद करतो तेव्हा हसायचं असतं म्हणून. साहेबांचा तो नम्र माणूस माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे बघा, गीतकार इथंच बसलेत." अधिकाऱ्याने मला नमस्कार केला. मी उठून नमस्कार केला.

तेवढ्यात भावोजी मोठ्याने म्हणाले, "दिनेश, त्या बाटलीतल्या पान्याचं सांग साह्यबांना."

मला सांगता आलं असतं. आकडा मला पाठ होता. पण आकडा सांगितला असता तर गाणं कुणी नि कसं लिहिलं हेही त्याच ओट्यावर सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "ते आपलं घरगुती होतं. अधिकृत तपासणी व्हायला पाहिजे." अधिकाऱ्याला ते पटलं. त्याने वहीत काहीतरी टिपलं. बायका पलीकडे कुडाच्या सावलीत उभ्या होत्या. बाय त्यांच्यात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, ओट्याखालच्या चपलांकडे बघत होती, जणू त्यातली आपली कुठली ते शोधत होती.

बांध झाला नाही. त्या गावात तेवढ्या काळात एकच दुरुस्ती पुरी झाली, ती गाण्याची.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मी पाया पडलो असतो. बाय राखीला येत राहिली, भाऊबीजेला ओवाळत राहिली, माझ्या मुलांना चिंबोऱ्या पाठवत राहिली. फक्त मला गाणं मागितलं नाही. एकदा मीच म्हणालो, "बाय, तुझं ते वेगळं काढायचं राहिलंय." ती म्हणाली, "कंचं?" आणि खरंच आठवत नसल्यासारखं तोंड केलं. मी लिहिलेला पहिला कागदही सापडत नव्हता, आणि अंगणातल्या फेराचं ते टिपलेलंही कुणाच्या फोनमध्ये उरलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये एकावर एक दुरुस्त करत गेलो, त्यामुळे तिथे फक्त शेवटचं राहिलं. ओळी डोक्यात होत्या, पण डोक्यातल्या ओळी दुसऱ्या कुणाच्या तोंडी गेल्याशिवाय गाणं होत नाही. फेराचं तर नाहीच.

लिहिणारी माणसं म्हणतात की दुरुस्तीने लेखन सुधारतं. मी वाचलंय, ऐकलंय. काहींचं सुधारतही असेल. माझं ते गाणं प्रत्येक दुरुस्तीला खरंच जास्त गोड, जास्त गोल होत गेलं. तुम्ही ते आज ऐका, तुम्हाला त्यात एक चूक सापडणार नाही.

यंदा गौरीला मी तीन वर्षांनी बायकडे गेलो. तिच्या धाकट्याचं लग्न उन्हाळ्यात झालं. सून रोह्याकडच्या आतल्या गावातली आहे, सायली नाव. लग्नात गडबडीत तिची-माझी नीट ओळख झाली नव्हती. मला तिने "या मामा" म्हणून पाट मांडला, तांदळाची भाकरी नि अळूचं फतफतं वाढलं. दुपारी अंगणात बायका जमल्या. बाय आता फेराच्या पुढे नव्हती, गुडघे दुखतात म्हणाली. मधे कुठेतरी होती. पुढे सायली. सूर लागला आणि गौराय आयली माह्यारा सुरू झालं.

मी जोत्याला टेकून उभा होतो. आता कुणी ओटीवर पत्ते खेळत नाही, सगळे फोनवर टिपत असतात. बायका फिरत होत्या. सोनचाफ्याला सगळ्या पोरींनी गिरकी घेतली. घराच्या मागे, कुडाच्या वरून, तिवरांचे शेंडे दिसत होते, इतके ते आता वाढलेत. मी टाळ्या वाजवत होतो, आणि कसं कोण जाणे, शेवटच्या ओळीला माझ्या तोंडून मोठ्याने आलं, "खारं पानी शेतान् बाय..."

सायली नेमकी माझ्यासमोरून चालली होती. तिला हसू आलं. फिरता फिरताच म्हणाली, "मामा, चुकलं तुमचं. हिरवं सोनं हाय ता."

तिच्या मागून चार बायका सोडून बाय येत होती. तिने टाळी थांबवली नाही. सुनेला म्हणाली, "र्‍हाव दे गो. त्याला नाय येत ता गानं."

फेर पुढे गेला, वळला, आणि ती ओळ पुन्हा माझ्यासमोर आली तेव्हा मी बरोबर शब्द म्हटले.